जुनी पिकअप घेण्याआधी
गाडी पाहायला जाण्यापूर्वी एमपरिवहन ॲपवर तिचा क्रमांक टाकून फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र), विमा आणि कर यांच्या मुदती पाहून घ्याव्यात. मालवाहू गाडीचे फिटनेस पहिली 8 वर्षे दर 2 वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते, त्यामुळे स्वस्त दिसणारी गाडी कधीकधी कागदांपायीच महाग पडते. आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल, तर वित्त कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय इसारही देऊ नये, मग विकणारा नात्यातला का असेना.

यानंतर गाडीखाली शिरा. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या आणि यवतमाळकडे कापसाच्या हंगामात या गाड्यांवर अनेकदा क्षमतेपेक्षा जास्त माल लादला जातो, आणि त्याच्या खुणा मागच्या पाट्यांवर (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांवर) व चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, उमटतात. पाटे जिथे चेसिसला जोडलेले असतात, तिथे ताजे वेल्डिंग किंवा तेवढ्याच भागावर नवा काळा रंग दिसला, तर मी तरी किमतीची बोलणी न करता परत फिरतो. इंजिन सकाळी, थंड असतानाच सुरू करायला सांगा; निळसर धूर थांबत नसेल, तर ऑइल जळत आहे असे समजावे. चेसिस क्रमांक मात्र स्वतःच, आरसीशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावा.