पडद्यामागचं विचारा : शिरस्त्राणात डोळे का झाकले?

प्रश्न : ताई, आमचे जावई लहानपणापासून इंग्लंडात, लेस्टरला वाढले. गणपतीला मिरजेला आले होते, तेव्हा गप्पांत टीव्हीवरच्या 'नाइटमेअर' नावाच्या मुलांच्या खेळाचा विषय निघाला. एका मुलाला डोळे झाकणारं शिरस्त्राण घालून भुताखेतांच्या तळघरात सोडायचे, बाकीची मुलं लांबून त्याला वाट सांगायची, आणि बहुतेक सगळे हरायचे म्हणे. जावई कौतुकानं सांगत होते, पण मला कसंतरीच झालं. लेकरांचे डोळे कशाला झाकायचे? आणि हरवायचंच होतं तर त्यांना बोलवायचं तरी कशाला?
– एक आजी, मिरज

उत्तर : आजी, हा खेळ मी पाहिलाय. १९९० साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात इप्सविचला तीन महिने राहिले होते. शुक्रवारी शाळा सुटली की माझा नऊ वर्षांचा भाचा दप्तर जिन्यातच टाकायचा आणि टीव्हीसमोर मांडी ठोकायचा. मी तव्यावरची पोळी ताटात घेऊन उभी, आणि हा पडद्यातल्या मुलीला जिवाच्या आकांतानं सांगतोय, 'डावीकडे! अगं, डावीकडे सरक!' पोळी गार व्हायची.

डोळे झाकण्याचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण माझा धंदाच तो. मी सव्वीस वर्षं स्टुडिओत व्हिजन मिक्सरवर, म्हणजे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं निवडून, जोडून पडद्यावर पाठवणाऱ्या यंत्रावर बसले. तळघर नव्हतंच हो तिथे! नॉर्विचमध्ये अँग्लिया टेलिव्हिजनचा स्टुडिओ होता, आणि त्यात एक निळी रिकामी खोली. भिंती निळ्या, जमीन निळी. तेवढा निळा रंग यंत्रानं काढून टाकायचा आणि त्या जागी दुसरं चित्र बसवायचं, याला आम्ही क्रोमा की म्हणतो. हवामानाच्या बातम्यांत नकाशा असाच बसवतात. माणसाच्या कातडीत निळा रंग फार कमी, म्हणून निळा निवडायचा. पण अंगावर निळं काही असलं की तेही जातं. आमच्याकडे एकदा निवेदिकेच्या साडीचा काठ निळा निघाला आणि ऐन वेळी तिच्या खांद्यावरून ढग सरकायला लागले. धावत जाऊन शाल आणली होती.

'नाइटमेअर'मधल्या त्या दगडी कमानी, दऱ्या, कोळ्यांची जाळी हे सगळं डेव्हिड रो नावाच्या चित्रकारानं एअरब्रशनं रंगवलेलं. ती चित्रं निळ्याच्या जागी बसायची आणि मूल त्यांत चालताना दिसायचं. आता विचार करा, त्या मुलाला स्वतःला काय दिसणार? चारी बाजूंनी निळा रंग! भीती कशाची वाटणार, आणि कोडं तरी कुठलं उरणार? शिवाय दरीची कड कुठे आहे हे त्याला कळणारच नाही, कारण जमीन सपाट. टिम चाइल्ड या निर्मात्यानं ही अडचण फार सुंदर सोडवली. त्यानं डोळेच झाकले. शिंगांचं मोठं शिरस्त्राण, त्यातून जेमतेम स्वतःच्या पायांपुरतं दिसायचं. तीन सोबती बाहेर पडद्यासमोर बसून तळघर बघायचे आणि शब्दांनी त्याला चालवायचे.

म्हणजे यंत्राची गरज होती, आणि तीच खेळाचा प्राण झाली. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीत ज्याचे डोळे बांधले तो एकटा पडतो, बाकीचे टपल्या मारून पळतात. इथे उलटं. बाहेरच्या तिघांना सगळं दिसतंय, पण त्यांना हात नाहीत. आत जो आहे त्याला हात-पाय आहेत आणि दिसत काही नाही. दरी दिसायची ती त्या तिघांना. आतल्या मुलाला फक्त मैत्रिणीचा आवाज कापरा झालेला ऐकू यायचा. त्या आवाजावर विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकायचं. मला हे आजही विलक्षण वाटतं.

भाचा आणि मी मिळून त्या मुलांच्या चुका मोजायचो. तिघं एकदम ओरडले की आतलं मूल जागच्या जागी थिजायचं. एकजण 'वळ' म्हणायचा, पण किती वळायचं ते सांगायचाच नाही. समोरासमोर बसलेल्यांचं डावं-उजवं उलटं होतं, त्यात तर कितीजण फसले! मंत्र टाकायचा तर त्या शब्दाची अक्षरं एकेक करून मोठ्यानं उच्चारायची. स्पेलिंग चुकलं की मंत्र वाया. टेबलावर चार-पाच वस्तू मांडलेल्या असायच्या, त्यांतल्या दोनच उचलायच्या, आणि जी मागे राहिली नेमकी तीच पुढच्या खोलीत हवी असायची. पोटाची काळजीही होती. वाटेत सापडलेलं खाणं पिशवीत टाकलं नाही तर प्राणशक्ती उतरत जायची. ती कमी झाली की पडद्यावर योद्ध्याचा चेहरा झडत झडत कवटी उरायची. (हे मात्र भाच्याच्या धाकट्या भावंडाला दाखवायचं नाही, असा बहिणीचा दंडक होता. ते तेव्हा वीस दिवसांचं होतं, पण दंडक तो दंडक.)

नावातही गंमत आहे. इंग्रजीत दुःस्वप्नाला 'नाइटमेअर' म्हणतात; इथे त्यातल्या रात्रीच्या 'नाइट'ऐवजी चिलखती योद्ध्याचा 'नाइट' घातलाय. उच्चार तोच.

आता हरण्याचं. जावई सांगतात ते खरं आहे. ७ सप्टेंबर १९८७ ते ११ नोव्हेंबर १९९४ या काळात आठ मोसम झाले, ११२ भाग. जिंकले फक्त आठ संघ. पहिल्या आणि तिसऱ्या मोसमात तर एकही नाही. पण यात मुलांना हिणवणं नव्हतं, आजी. ट्रेगार्ड हा त्या गढीचा मालक, ह्यूगो मायट यांनी केलेला. तो शेकोटीपाशी मुलांच्या शेजारी बसायचा, कधी सावध करायचा, पण उत्तर सांगायचा नाही. मूल दरीत गेलं की 'ऊऽ, नॅस्टी!' म्हणायचा आणि पुढच्या संघाला हाक मारायचा. वाटेत जादूगार मर्लिन भेटायचा, भिंतीतले दगडी चेहरे कोडी घालायचे. ही सगळी नटमंडळी मुलांशी बरोबरीच्या माणसांसारखी बोलायची. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला अवघड प्रश्न विचारायचा आणि चुकल्यावर 'चुकलास' म्हणायचं, हा त्याचा मान ठेवणंच झालं. मी मुलांचे पुष्कळ कार्यक्रम मिक्स केले. प्रत्येकाला बक्षीस देऊन हसत घरी पाठवायचो. मुलं टाळ्या वाजवायची, पण त्यातलं एकही सोफ्यावर उभं राहून ओरडलेलं मला आठवत नाही.

लोकांनी त्यावर मनापासून प्रेम केलं. फ्रान्स आणि स्पेननं आपापल्या भाषेत तो खेळ केला, आणि २०१३ मध्ये यूट्यूबवर त्याचा एक नवा भाग निघाला, त्यात ट्रेगार्ड पुन्हा ह्यूगो मायटच. तेव्हा जावयांना हसू नका, लेस्टरला त्यांची पोळीही गार झाली असणार.

नातवंडं दिवाळीला येतील तेव्हा घरीच खेळून बघा. माजघरापासून परसदारापर्यंत पाट, कळशी, उशा मांडून ठेवा. एकाच्या डोळ्यांवर पंचा बांधा, बाकीच्यांना उंबऱ्यावर बसवा. एका वेळी एकानंच बोलायचं. 'पुढे जा' म्हणायचं नाही, 'तीन पावलं पुढे' म्हणायचं. आणि डावं-उजवं कुणाचं, ते सुरुवातीलाच ठरवून घ्या. पितळी समया तेवढ्या आधी उचलून ठेवा.