एकोणिसाव्या शतकातील कोणत्या घटनेने जग सर्वाधिक जवळ आणले?

माझ्या मते, अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या, विजेच्या साहाय्याने संदेश पाठवणाऱ्या टेलिग्राफच्या तारेने. १८५८ मध्ये आयर्लंड आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे न्यूफाउंडलंड बेट यांना जोडणारी पहिली तार टाकली गेली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सुमारे सोळा तास लागले आणि काही आठवड्यांतच, विजेचा दाब प्रमाणाबाहेर वाढवल्यामुळे, ती निकामी झाली. तरीही प्रयत्न थांबले नाहीत, हे मला विशेष मोलाचे वाटते. १८६५ मध्ये तार टाकत असतानाच तुटली; पुढच्याच वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने नवी तार यशस्वीपणे टाकली, शिवाय समुद्रतळातून आदल्या वर्षी तुटलेल्या तारेचे टोक शोधून तीही पूर्ण केली. त्यानंतर जहाजाने दहा-बारा दिवसांत पोहोचणारी बातमी काही मिनिटांत पोहोचू लागली.