मुक्काम शारजात, नाच दुबईत

प्रश्न : ताई, आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या, दिवाळीनंतर दुबईला निघालोय. माझा धाकटा भाऊ शारजात असतो, मुक्काम त्याच्याकडेच. एकदा तरी नाइट क्लबात जाऊन मनसोक्त नाचायचं, एखादा पेगही घ्यायचा, असं ठरवलंय. घरचे म्हणतात, मुसलमानी देशात असले उद्योग करू नका, आत टाकतील. खरंच एवढं कडक असतं का? आणि भावासाठी आपल्या नाशिकच्या वाइनच्या दोन बाटल्या नेल्या तर चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अगं, जा, अगदी बिनधास्त जा. दुबईत वयाची 21 वर्षं पूर्ण झालेल्या पर्यटकाला परवाना असलेल्या हॉटेलात, बारमध्ये, क्लबात दारू पिता येते. घरचे घाबरतात ते क्लबला; घाबरायला हवं ते परतीच्या रस्त्याला.

कारण शारजा. दुबईला अगदी खेटून आहे, पण तिथे संपूर्ण दारूबंदी. विक्री नाही, जवळ बाळगायचीही नाही. आपण वणीमार्गे सापुताऱ्याला जातो तेव्हा हद्द ओलांडली की गुजरातची दारूबंदी लागू होते ना, तसंच. रात्री दोन वाजता चौघी झिंगून टॅक्सीने शारजात शिरणार आणि भावाच्या इमारतीखाली हसत-खिदळत उतरणार, हे मला बिलकूल नको. तुम्ही चार दिवसांनी परत याल, त्याला तिथे नोकरी करायची आहे. तेव्हा त्या एका रात्रीपुरती दुबईत खोली घ्या. शक्यतो ज्या हॉटेलात क्लब आहे तिथेच, म्हणजे लिफ्टने वर गेलात की झालं.

वाइनचंही तेच. दुबई विमानतळावर चार लिटरपर्यंत दारू नेऊ देतात, पण ती शारजातल्या घरात न्यायची नाही. भावाला चिवडा-चकली न्या. अनारसे मात्र नकोत! त्यावरची खसखस अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. दिवाळीच्या फराळात हे हमखास विसरलं जातं.

आता क्लब. दुबईत बऱ्याच ठिकाणी लेडीज नाइट असते, बहुतेक मंगळवारी. बायकांना काही ड्रिंक्स फुकट मिळतात. त्याचा फायदा जरूर घ्या, कारण एरवी दारू महाग पडते. 2023 मध्ये उठवलेला 30 टक्के कर 2025 पासून पुन्हा लागलाय. हिंदी गाण्यांवर नाचायचं असेल तर बर दुबईतली हॉटेलं बघा, झगमगाट हवा असेल तर मरीना. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, दारावर वय तपासतात. आत हवे ते कपडे घाला, बाहेर पडताना अंगावर स्टोल असू द्या.

फोन जरा जपून. माझ्या गटातली एक जण क्लबात रील काढत होती. मागच्या टेबलावरच्या बाईचा चेहरा त्यात आला. बाउन्सर येऊन उभा राहिला, समोर डिलीट करायला लावलं, वर ‘डिलीटेड’ फोल्डरही उघडून बघितलं. परक्या माणसाचा फोटो परवानगीशिवाय काढणं तिथे गुन्हा आहे. तसंच रस्त्यावर, बीचवर पिणं, दारूच्या नशेत दंगा करणं, शिवीगाळ करणं. कुणी गाडी भाड्याने घेणार असेल तर त्या रात्री किल्लीला हात लावू नये. एक घोटही चालत नाही. बायकांसाठी गुलाबी छताच्या टॅक्सी मिळतात, चालकही बाईच असते.

एक मात्र लक्षात ठेवा, दुबईत चाललं ते सगळीकडे चालेल असं नाही. कुवेतमध्ये पर्यटकालाही दारू नाही. मालदीवमध्ये रिसॉर्टच्या बेटावर मिळते, स्थानिक वस्तीच्या बेटावर नाही, आणि सोबत नेलेली बाटली विमानतळावरच काढून घेतात. मलेशियात आपल्याला मुभा आहे, पण मुसलमानांसाठी पिणं हा शरिया कायद्याने गुन्हा. तिथे मुस्लिम मैत्रीण बरोबर असेल तर तिला चुकूनही आग्रह करू नका.

घरच्यांना हे पान वाचायला द्या. आणि हॉटेलची खोली आत्ताच बुक करून टाका, नोव्हेंबरात तिथे गर्दीचा हंगाम असतो.