‘कॉन्ट्रा’ची जपानी कॅसेट आणि न हलणारी झाडे

फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी व्हिडिओ गेम संचाची म्हणून घेतलेल्या ‘कॉन्ट्रा’ या खेळाच्या कॅसेटमध्ये पहिल्या टप्प्यातील झाडे हलत नाहीत आणि विक्रेता आपल्याच संचाला दोष देतो, असे आपण लिहिले आहे. मलाही हेच ऐकावे लागले होते.

कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ १९८७ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, आला आणि १९८८ मध्ये घरगुती संचांवर. जपानमध्ये कोनामीला स्वतःच्या कॅसेटी बनवण्याची मुभा असल्याने तिने आपली व्हीआरसी२ ही चिप त्यांत बसवली. अमेरिकेत मात्र कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत, त्यामुळे तिथे ती चिप नाही. पार्श्वभूमीच्या चित्रांचे तुकडे भराभर बदलण्याचे काम ही चिप करते, म्हणूनच जपानी आवृत्तीत झाडे डोलतात आणि पाचव्या टप्प्यात बर्फ पडतो; शिवाय त्या आवृत्तीत टप्प्याआधी नकाशा दिसतो आणि कथेची दृश्येही येतात. चिप कॅसेटमध्येच असल्याने संचाला दोष देणे मला पटत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या, फॅमिकॉमसारख्याच साठ पिनांच्या स्वस्त ‘टीव्ही गेम’ कॅसेटींपैकी माझ्या पाहण्यात आलेल्यांत बहुधा अमेरिकी आवृत्तीच होती; तीस जीव देणारा बटणांचा गुप्त संकेत दोन्ही आवृत्त्यांत चालतो, त्यावरून पारख होत नाही.

मला सर्वांत महाग पडला तो विक्री-संकेतस्थळाचा तक्रार कक्ष. त्याने लेबलाचे छायाचित्र मागितले, म्हणजे जे सर्वांत सहज छापता येते तेच, आणि ‘वर्णनात कॉन्ट्रा होते, कॅसेटमध्ये कॉन्ट्राच आहे’ असे कळवून प्रकरण बंद केले. आवृत्तीचा प्रश्न मी पुन्हापुन्हा मांडला, तरी प्रत्येक वेळी नव्या व्यक्तीने तेच लेबल मागितले, आणि परताव्याची मुदत त्यातच संपली. म्हणून आपण तक्रारीत ‘जपानी आवृत्ती’ हे वर्णनातील शब्द उद्धृत करावेत, आणि खेळाच्या शीर्षकाच्या पडद्यापासून पहिल्या टप्प्यापर्यंतचे सलग चित्रीकरण सोबत जोडावे. नकाशा न येणे त्यात आपोआप दिसते. परतावा मिळेपर्यंत कॅसेट उघडू नये, नाहीतर तेच कारण पुढे केले जाईल.

मी दुरुस्ती करणारा नाही, ही केवळ संग्राहकाची माहिती आहे. नुसते खेळायचेच असेल, तर अमेरिकी आवृत्ती मला तितकीच चांगली वाटते. फक्त तिला जपानी कॅसेटची किंमत देऊ नये.