जीवशास्त्राची पदवी घेताना

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

नीटच्या निकालानंतर बी.एस्सी.ला प्रवेश घेतलास आणि आता भेटेल तो ‘पुढे काय?’ असे विचारतो, हे तुझ्या पत्रातून कळले. कोणते काम तासन्‌तास करूनही तुला कंटाळा येत नाही, याकडे पहिल्या वर्षापासून लक्ष दे. विशेष विषय त्यावरून ठरव.

लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली बारीक तार, ज्योतीवर लालबुंद तापवायचा, क्षणभर निवू द्यायचा, जिवाणू वाढवण्याच्या आगर नावाच्या घट्ट माध्यमावर हलक्या हाताने रेघा ओढायच्या आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवलेल्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या सुट्या वसाहती शोधायच्या, हे ज्याला मनापासून आवडते त्याने सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावे. लस आणि औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात हीच शिस्त लागते. मात्र नुसत्या बी.एस्सी.वर तिथला सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. रानात रमणाऱ्यांसाठी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र आहे. या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षाही देता येते.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. गणित सुटले म्हणून जीवशास्त्र घेतले, असे अनेक विद्यार्थी आनंदाने सांगतात आणि तिथेच त्यांच्या पुढच्या वाटा आखडतात. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका प्रयोगातले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे मोजलेले आहेत. हे प्रमाण तीनास एक मानायचे की नाही, हे ठरवायला संख्याशास्त्रच लागते. आज जनुकक्रमांच्या अभ्यासापासून साथरोगांच्या अंदाजापर्यंत सगळीकडे तेच लागते. म्हणून दुसऱ्या वर्षापर्यंत संख्याशास्त्राची पायाभूत ओळख आणि ‘आर’ किंवा ‘पायथन’ यांपैकी एक संगणकीय भाषा शिकून घे.

संशोधनाकडे ओढ असेल, तर एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम परीक्षेची आणि पुढे पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती मिळवून देणाऱ्या नेट-जेआरएफ परीक्षेची तयारी ठेव. २०२३ पासून ही शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज जातात, तेव्हा घरची परिस्थिती आई-वडिलांशी मोकळेपणाने बोलून घे. अध्यापन हीही मानाची वाट आहे, आणि चांगल्या जीवशास्त्र शिक्षकांची शाळांना नेहमीच गरज असते.

या सुट्टीत एखाद्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत महिनाभर काम करण्याची परवानगी माग. विनंतीपत्रात गुणांपेक्षा तुला नेमके काय शिकायचे आहे ते लिही, आणि पाठवण्यापूर्वी मसुदा मला दाखव.