उरलेलं आणि मोजलेलं

प्रिय पोरी,

तुझी मेल वाचली. रब्बी ज्वारीवर उपग्रहाचा ईटी, म्हणजे माती-पिकातून वाफ होऊन उडणाऱ्या पाण्याचा आकडा, रानात उभ्या केलेल्या मोजणीच्या टॉवरपेक्षा जास्त येतोय, टॉवरवर ऊर्जेचा ताळेबंद 20 टक्क्यांनी तुटतोय, म्हणजे आलेल्या ऊर्जेतली तेवढी कुठे गेली ते सापडत नाही, आणि तुला गाइडांकडून सल्ला मिळालाय की ती सगळी तूट बाष्पीभवनाच्या खात्यात घाल, म्हणजे दोन्ही आकडे जुळतील. जुळतील, शंकाच नाही. आलेख असा देखणा येईल की परीक्षक त्यावर बोटसुद्धा ठेवणार नाहीत. पण मग तू ताडून काय पाहिलंस? उपग्रहाचा ईटी मुळात वजाबाकीतून आलेला. टॉवरचा निदान वाऱ्याचे झोत आणि त्यातली वाफ सेकंदाला दहा-वीस वेळा टिपून मोजलेला होता. त्यात तूट कोंबलीस की तोही नेट रेडिएशनमधून, म्हणजे रानाला निव्वळ मिळालेल्या किरणांच्या ऊर्जेतून, जमिनीत मुरलेली आणि हवेला दिलेली उष्णता वजा जाता राहिलेला. एक वजाबाकी दुसऱ्या वजाबाकीशी जुळली, एवढंच.

उरलेलं म्हणजे मोजलेलं नव्हे. हे वाक्य या पत्रात इतक्या वेळा येईल की कंटाळशील. कंटाळ.

20 टक्के तूट म्हणजे तुझा टॉवर बिघडला असं समजून रडत बसू नकोस. जगभरच्या टॉवरांची साधारण तेवढीच तूट असते. ती कुठे जाते हा प्रश्न खरा, आणि त्याचं उत्तर काळ्या जमिनीत तरी आधी पायाखाली शोधावं. जमिनीत जाणारी उष्णता मोजणारी तुझी हीट फ्लक्स प्लेट 8 सेंटिमीटरवर पुरलेली आहे. तिच्या वरच्या मातीत सकाळभर साठणारी उष्णता वेगळी काढून मिळवलीस का? मेलमध्ये त्याचा उल्लेख नाही. आणि जानेवारी उलटला की रान भेगाळतं. जाऊन हाताने खण. भेग प्लेटच्या कडेला पोचली असेल तर तिच्या एका अंगाला माती नाही, नुसती हवा आहे. अशी प्लेट जमिनीत जाणारी उष्णता कमी दाखवते. मग सल्ल्याप्रमाणे ती चुकलेली उष्णता तू वाफ म्हणून लिहिणार! थेंबभर पाणी न उडता ईटी वाढला. उरलेल्याचं हेच असतं. बाकी प्रत्येकाचं पाप त्याच्या पदरात पडतं.

सेबल, म्हणजे उपग्रहाच्या इमेजवरून ईटी काढायची पद्धत, तू माझ्यापेक्षा चांगलं चालवतेस. 1998 साली बास्टियानसेन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या त्या चलाखीचं मला अजून कौतुक आहे. पृष्ठभागाचं तापमान दोन-तीन अंशांनी सरसकट चुकलं तरी निभावून जावं म्हणून त्यांनी इमेजमधलीच दोन टोकं धरली: कोरडं उघडं रान, तिथे ईटी शून्य, आणि भरगच्च ओलं पीक, तिथे हवा तापवायला उष्णता शिल्लकच नाही. मधलं सगळं सरळ रेषेत. पण त्यामुळेच सगळा नकाशा त्या दोन पिक्सेलांच्या मर्जीवर चालतो, आणि ते निवडणारी तू. नांगरून टाकलेलं काळं रान वरून भुरभुरीत दिसतं, वीतभर खाली ओल हाताला लागते. तिथे ईटी शून्य कसा? थंड टोकाचीही तीच गत. एप्रिलमध्ये उजनीच्या कालव्याखालचा ऊस बघ. चहूबाजूंनी तापलेली रानं, तिथली ऊब वारा उसावर आणून टाकतो, आणि ऊस स्वतःवर पडलेल्या उन्हाच्या हिशेबापेक्षा जास्त पाणी उडवतो. आयडाहोत रिचर्ड ॲलन यांनी सेबलवरून ‘मेट्रिक’ ही पद्धत बांधताना म्हणूनच थंड टोकाला ती शून्याची अट ठेवली नाही. हवामान केंद्राच्या नोंदींवरून काढलेल्या लसूणघासाच्या संदर्भ ईटीच्या 1.05 पट धरलं. तिथे या आकड्यांवरून पाणीहक्कांचे हिशेब होतात, मोघम धरून चाललं नसतं.

आणि ज्वारी! पातळ पेरणी, दोन ओळींमध्ये तापलेली माती, मुळं मात्र खोल ओलीत. वरून बघणाऱ्या उपग्रहाला ते पीक प्रत्यक्षापेक्षा तहानलेलं दिसतं. लँडसॅट उपग्रहाचा थर्मल, म्हणजे तापमान टिपणारा, पिक्सेल 100 मीटरचा, म्हणजे अडीच एकरांचा. फाइल 30 मीटरची मिळते म्हणून त्यात 30 मीटरची माहिती येत नाही. आपल्याकडे अडीच एकरांत दोन भावांच्या वाटण्या, विहीर आणि बांधावरची बाभळ एवढं सगळं मावतं. तेव्हा तुझा उपग्रह जास्त दाखवतोय तो कशामुळे, आणि त्यातलं किती दुसऱ्या एखाद्या चुकीने झाकलंय, हे वजाबाकीकडे बघून कधीच कळणार नाही. खरिपाचं तर बोलूच नको. थर्मलला ढगाआड दिसत नाही, आणि चार महिने ढग.

तू म्हणशील, सर कीस काढतायत. बाळा, दिवसाच्या सरासरीत चौरस मीटरला 28 वॉट म्हणजे 1 मिलिमीटर पाणी, हेक्टरी 10,000 लिटर. कुठल्याही खात्यातले 14 वॉट इकडचे तिकडे झाले की हेक्टरी 5,000 लिटर कुणाच्या तरी नावावर चढतात. रोज.

नोकरीत असताना एका कार्यालयाला माझ्याकडून कालव्याखालच्या उसाचा हंगामी ईटी हवा होता, एकच आकडा. मी दोन आकडे दिले, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि मधलं अंतर कमी करायला नकार दिला. काम दुसऱ्याकडे गेलं, त्याने एक आकडा दिला, तोच सगळीकडे लागला. लोक म्हणाले, ताठा. असेल. अंतर दाखवणारा माणूस मग त्या बैठकांना उरलाच नाही, याची हळहळ मला आजही वाटते. थोडं गोड बोललो असतो तर खुर्ची राहिली असती. पण आकडा एकच करून दिला असता? नाही. आज विचारलंस तरी नाही.

तू मात्र भांडू नकोस, तुला पदवी घ्यायची आहे. टॉवरचे तिन्ही प्रकार दे: जसा मोजला तसा, तूट बोवेन गुणोत्तराने, म्हणजे हवेला दिलेली उष्णता आणि बाष्पीभवन यांच्या मोजलेल्या प्रमाणात, दोघांत वाटून, आणि तूट सगळी बाष्पीभवनात घालून. एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी. गाइडांचा आकडा त्यात आहेच, त्यांना काय म्हणायचंय? शिवाय तुलना फक्त ईटीची करू नकोस. हवेला दिलेली उष्णता टॉवर थेट मोजतो, ती उपग्रहाच्या तिच्याच आकड्याशी लाव. तिथे जुळलं तर मला आनंद होईल; ईटी जुळल्याचं मला कौतुक नाही, उरलेलं कुणाचंही जुळतं.

हॉट पिक्सेल, ते कोरडं टोक, तीन वेगवेगळ्या रानांतून घेऊन त्याच इमेजचे तीन नकाशे काढ आणि मला पाठव, रंग न भरता, नुसते आकडे. प्लेट खणशील तेव्हा शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ, आणि भेग बुजवायच्या आधी काढ.