वाचकांचे प्रश्न : कमानीची त्रिज्या कशी काढायची?

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या खिडकीवरची चिऱ्याची कमान पडली, मेस्त्री त्रिज्या विचारतोय. कशी काढू? आणि शाळेतला तो वर्तुळाचा कंस अजून कुठे लागतो का? (फोंडा)

उत्तर : अहो सोपंय! रुंदी समजा १२० सेंमी, ही झाली जीवा, आणि मधे कमान २० सेंमी वर चढते. आता अर्ध्या रुंदीचा वर्ग ३६००, त्याला २० ने भागा, १८० आले, त्यात परत २० मिळवा आणि निम्मे करा, त्रिज्या १०० सेंमी. मग प्लायवर कमानीच्या मधल्या, सगळ्यात उंच टोकापासून सरळ १०० सेंमी खाली खिळा ठोका, सुतळीला पेन्सिल बांधून कंस मारा, तोच साचा. चिरा दाब सोसतो, ताण नाही, आणि कमानीत प्रत्येक चिरा शेजारच्याला दाबतच वजन बाजूच्या भिंतींवर टाकतो, म्हणून बाजू पक्क्या पाहिजेतच. पणजी-रायबंदरचा १६३० च्या दशकातला पूल असाच कमानींवर उभा आहे, अजून गाड्या जातात त्यावरून!

बाकी ठिकाणी म्हणाल तर समुद्रातला सागरी मैल, १.८५२ किमी, तो पृथ्वीवरच्या एका मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, कंसावरूनच आलाय. आणि जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, त्रिकोणमितीतला साइन शब्द तिच्यापासूनच अरबीतून फिरत गेलाय, मला हे फार आवडतं.